मूळ देश कामगार करारातून बाहेर पडला, तर त्याच्या अंकित प्रदेशांचं काय? बोटीवर जाणाऱ्या गोवेकरांसाठी कागद तपासण्याची पद्धत

मोठ्या प्रवासी बोटीच्या मागच्या अंगाला, तिच्या नावाखाली एका बंदराचं नाव रंगवलेलं असतं. ते बंदर ‘हॅमिल्टन’ असेल तर बोट बर्म्युडाच्या नोंदवहीत आहे. बर्म्युडा स्वतंत्र देश नाही, ब्रिटनचा अंकित प्रदेश आहे. गोव्यातली कितीतरी माणसं अशा बोटींवर केबिनमध्ये, किचनमध्ये, लाँड्रीत, इंजिनरूममध्ये कामाला आहेत. त्यांच्या कामाचे तास, पगाराची हमी, घरी परतण्याचा खर्च हे सगळं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ज्या करारावर उभं आहे, त्यावर सही करण्याचा अधिकार बर्म्युडाला नाही, लंडनला आहे. मग उद्या लंडनने एखाद्या कामगार करारातून अंग काढून घेतलं तर बर्म्युडाच्या बोटीवरच्या माणसाचं काय?

‘देश बाहेर पडला म्हणजे सगळं संपलं’ असं एक उत्तर सर्रास ऐकू येतं. दुसरं उत्तर असतं, ‘बेटांचा कायदा वेगळा, त्यांना काही फरक पडत नाही.’ दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे कामगाराचं नुकसान होतं, कारण पहिलं ऐकून माणूस असलेला हक्क मागत नाही आणि दुसरं ऐकून बेसावध राहतो. खरं उत्तर कागदात असतं, आणि तो कागद वाचायला वकील लागत नाही. कुठला कागद आधी पाहायचा ते माहीत असलं की पुरे.

आधी प्रदेश ओळखा

बोटीवरचं बंदराचं नाव किंवा नोकरीचं ठिकाण घ्या आणि तो स्वतंत्र देश आहे की कुणाचा अंकित प्रदेश, ते ठरवा. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. बहामा, पनामा, लायबेरिया, माल्टा हे स्वतंत्र देश आहेत. बहामा १९७३ साली स्वतंत्र झालं, त्यामुळे ‘नासाऊ’ लिहिलेल्या बोटीचा आणि ब्रिटनच्या निर्णयाचा संबंध नाही. बर्म्युडा, केमन बेटं, जिब्राल्टर हे ब्रिटनचे अंकित प्रदेश. आयल ऑफ मॅन, जर्सी, गर्न्सी ही बेटं राजमुकुटाच्या अखत्यारीतली. ती ब्रिटनच्या राज्याचा भाग नाहीत, पण त्यांच्या वतीने परराष्ट्र व्यवहार ब्रिटनच करतो. अरुबा आणि कुरासाव नेदरलँड्सच्या राजसत्तेखाली येतात. ‘मडीरा’ लिहिलेलं असेल तर प्रकरण निराळं. मडीरा हा पोर्तुगालचा स्वायत्त विभाग असल्यामुळे तिथे पोर्तुगालचा करार थेट लागू होतो.

पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेलेल्या आणि तिथून जर्सीत किंवा जिब्राल्टरमध्ये काम घेणाऱ्यांनीही ही पायरी चुकवू नये. लंडनमध्ये लागू असलेली प्रत्येक गोष्ट जर्सीच्या राजधानीत, सेंट हेलियरमध्ये, लागू असेलच असं नाही.

गोव्याच्याच इतिहासातलं उदाहरण

अंकित प्रदेश म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५४२ क्रमांकाचा ठराव केला. पोर्तुगालच्या ताब्यातल्या कुठल्या प्रदेशांना स्वराज्य नाही त्याची यादी त्यात दिली, आणि त्या यादीत गोवाही होता. पोर्तुगालचं म्हणणं वेगळं होतं. १९५१ साली त्यांनी घटनेत बदल करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असं नाव दिलं होतं. आमच्याकडे वसाहती नाहीतच, सगळं एकच राष्ट्र आहे, असा त्यांचा दावा.

या नामांतराचा कामगार करारांशी थेट संबंध आहे. पोर्तुगालने सक्तीच्या मजुरीविरुद्धचा २९ क्रमांकाचा करार १९५६ साली आणि १०५ क्रमांकाचा करार १९५९ साली मंजूर केला. फेब्रुवारी १९६१ मध्ये घानाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे तक्रार केली की अंगोला, मोझांबिक आणि गिनीमध्ये १०५ क्रमांकाचा करार पाळला जात नाही. त्या तक्रारीवर चौकशी आयोग नेमला गेला. संघटनेच्या इतिहासातला हा अशा प्रकारचा पहिलाच आयोग. आयोगाचा अहवाल १९६२ साली आला, तोवर गोवा मुक्त झाला होता. ‘हे आमचे प्रांत आहेत’ असं म्हणणाऱ्या राज्याला ‘करार तिकडे लागू नाही’ असं म्हणायला जागा उरत नाही, हे या प्रकरणातून उमगतं. म्हणून कुठल्याही प्रदेशाबद्दल कागद पाहताना मूळ देश त्याला काय म्हणतो, वसाहत की प्रांत की स्वायत्त विभाग, ते नोंदवून ठेवा. पुढचा बराच निकाल त्यावर अवलंबून असतो.

मुक्तीनंतर गोवा काही काळ केंद्रशासित होता, ३० मे १९८७ रोजी राज्य झाला. केंद्रशासित प्रदेश हा या अर्थाने अंकित प्रदेश नव्हे. तो देशाचा भागच असतो, देशाचे करार त्याला आपोआप लागू होतात. हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मग घोषणापत्र शोधा: सगळ्यात महत्त्वाची पायरी

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या घटनेत ३५ वं कलम आहे. ते नीट कळलं की निम्मं काम झालं. हे कलम सांगतं की देशाने मंजूर केलेला करार त्याच्या अंकित प्रदेशांनाही लागू करायचा, पण त्यासाठी देशाने संघटनेच्या महासंचालकांकडे घोषणापत्र पाठवायचं. कराराचा विषय त्या प्रदेशाच्या स्वतःच्या सरकारच्या अधिकारात येत असेल, तर मूळ देशाने करार त्या सरकारपुढे ठेवायचा, आणि त्या सरकारशी सहमती झाल्यावरच त्या प्रदेशाच्या वतीने बंधन स्वीकारायचं.

थोडक्यात, नोंदी दोन असतात. एक मूळ देशाने करार मंजूर केल्याची आणि दुसरी त्या प्रदेशासाठीच्या घोषणापत्राची. या दोन नोंदींच्या तारखा वेगळ्या असतात, कधीकधी त्यांच्यात कित्येक वर्षांचं अंतर असतं.

संघटनेच्या ‘नॉर्मलेक्स’ या खुल्या संकेतस्थळावर हे सगळं फुकट पाहता येतं. तिथे देशाचं पान उघडून थांबू नका. अंकित प्रदेशांची पानं वेगळी असतात, ती उघडा. करारासमोर चारपैकी एक शेरा दिसेल: बदलाशिवाय लागू, काही बदलांसह लागू, लागू नाही, किंवा निर्णय राखून ठेवला आहे. ‘बदलांसह’ असेल तर ते बदल कोणते तेही वाचा, कारण नेमका तुमच्या कामाचा भाग वगळलेला असू शकतो. ‘निर्णय राखून’ याचा अर्थ बंधन अजून स्वीकारलेलं नाही.

आता मूळ देश बाहेर पडतो तेव्हा काय होतं? प्रदेशाचं बंधन घोषणापत्रावर उभं असतं, आणि घोषणापत्र बदलायचं किंवा संपवायचं ते दुसऱ्या घोषणापत्राने, असं ३५ वं कलमच सांगतं. म्हणून मूळ देशाने बाहेर पडण्याचं जे पत्र दिलं त्यात प्रदेशांची नावं आहेत का, हे शोधा. नावं असतील तर ती कोणती, आणि कुठलं नाव गाळलंय? पत्र मोघम असेल तर प्रदेशाचं नॉर्मलेक्सवरचं पान पुन्हा उघडा आणि नोंद बदलली आहे का ते पाहा.

ब्रिटनचंच घ्या. सार्वजनिक कंत्राटांवरच्या कामगारांबद्दलच्या ९४ क्रमांकाच्या करारातून ब्रिटन १९८२ साली बाहेर पडलं, वेतन संरक्षणाच्या ९५ मधून १९८३ साली, किमान वेतन यंत्रणेच्या २६ मधून १९८५ साली. ब्रिटनच्या पानावर या तिन्हींपुढे ‘अमलात नाही’ दिसेल. तेवढं पाहून बर्म्युडाबद्दल किंवा मॉन्टसेराट या ब्रिटनच्याच दुसऱ्या अंकित बेटाबद्दल निष्कर्ष काढणं चूक आहे. त्यांचं पान उघडल्याशिवाय एक शब्दही बोलू नये.

तारखांचा हिशेब

कामगार करारातून कुठलाही देश मनात येईल तेव्हा बाहेर पडू शकत नाही. बहुतेक करारांत नियम असा असतो: करार पहिल्यांदा अमलात आल्यापासून दहा वर्षं थांबायचं, मग एक वर्षाची मुदत मिळते. त्या वर्षात बाहेर पडला नाहीत तर आणखी दहा वर्षं बांधले गेलात. जुन्या काही करारांत पुढची मुदत पाच वर्षांनी येते. आणि हा हिशेब त्या देशाने सही केल्याच्या तारखेपासून चालत नाही, करार जगात पहिल्यांदा अमलात आला त्या तारखेपासून चालतो. हा मुद्दा भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

९४ क्रमांकाचा करार २० सप्टेंबर १९५२ रोजी अमलात आला. म्हणून मुदत २० सप्टेंबर १९८२ पासून वर्षभर. ब्रिटनची नोंद झाली २० सप्टेंबर १९८२ रोजी, म्हणजे दार उघडलं त्याच दिवशी. ९५ क्रमांकाचा करार अमलात आला २४ सप्टेंबर १९५२ रोजी, आणि ब्रिटनच्या बाहेर पडण्याची नोंद १६ सप्टेंबर १९८३ ची, म्हणजे दार बंद व्हायला आठवडा उरलेला असताना. या तारखा पाहिल्या की कळतं, सरकारं हा हिशेब किती बारकाईने करतात. कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनीही तो तितक्याच बारकाईने करायला हवा.

नोंद झाली तरी बंधन त्याच दिवशी सुटत नाही. नोंदीनंतर पूर्ण एक वर्ष करार लागू असतो. त्या वर्षात झालेल्या उल्लंघनाची तक्रार करता येते. ‘आम्ही बाहेर पडलोय’ असं त्या काळात कुणी मालक म्हणाला तर ते साफ खोटं आहे.

अंकित प्रदेशांच्या बाबतीत एक गोष्ट कामगाराच्या बाजूची आहे. संघटना स्वातंत्र्याच्या, म्हणजे युनियन काढण्याच्या हक्काच्या, ८७ क्रमांकाच्या कराराचं १२ वं कलम पाहा. घोषणापत्रातल्या सवलती रद्द करून प्रदेशाला जास्त संरक्षण द्यायचं असेल तर ते केव्हाही करता येतं. इतर बदल मात्र बाहेर पडण्याची मुदत उघडी असतानाच करता येतात. त्या काळातल्या आणखी काही करारांतही अशीच तरतूद आहे. म्हणून एखाद्या प्रदेशाने मधल्याच वर्षी ‘हे कलम आता आम्हाला लागू नाही’ असं जाहीर केलं, तर आधी तारीख तपासा.

मूळ देश आंतरराष्ट्रीय कामगार संघटनाच सोडून गेला तर? अमेरिकेने १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये नोटीस दिली, १९७७ मध्ये बाहेर पडली आणि १९८० मध्ये परत आली. घटनेच्या पहिल्या कलमानुसार अशी नोटीस दोन वर्षांनी अमलात येते, आणि देशाने आधी मंजूर केलेल्या करारांची बंधनं त्यांच्या ठरलेल्या मुदतीपर्यंत तशीच राहतात. सदस्यत्व सोडणं आणि करार सोडणं ही दोन वेगळी कृत्यं आहेत.

नवा करार आला म्हणून जुना गेला का?

कधीकधी कुणी बाहेर पडण्याचं पत्रच देत नाही, तरी जुना करार जातो. जुना करार सुधारून नवा झाला आणि देशाने नवा मंजूर केला, तर बऱ्याच जुन्या करारांतल्या कलमानुसार जुना आपोआप सुटतो. समुद्रावरच्या कामगारांसाठी २००६ चा समुद्री कामगार करार, ज्याला बोटीवर सगळे एमएलसी म्हणतात, त्याने ३७ जुने दस्तऐवज एकत्र केले. ब्रिटनने तो ७ ऑगस्ट २०१३ रोजी मंजूर केला आणि जिब्राल्टर, आयल ऑफ मॅन, बर्म्युडा, केमन बेटं यांना घोषणापत्रांनी लागू केला. एखाद्या प्रदेशाला नवा करार लागू झालेला नसेल, तर तिथे जुन्यांपैकी काय उरलंय हे त्या प्रदेशाच्या पानावरच पाहावं लागतं. मूळ देशाचं पान तिथे उपयोगाचं नाही.

स्थानिक कायदा आणि हातातलं काँट्रॅक्ट

करार सुटला तरी त्या प्रदेशाच्या विधिमंडळाने केलेला कायदा त्यासोबत रद्द होत नाही. तो रद्द करायला वेगळा कायदा करावा लागतो. म्हणून पहिल्या दिवशी कामगाराला फरक जाणवतच नाही, आणि इथेच धोका आहे. करार असतो तेव्हा त्या देशाला संघटनेला ठरावीक काळाने अहवाल द्यावा लागतो, तज्ज्ञांची समिती प्रश्न विचारते. करार गेला की हे प्रश्न थांबतात. मग दोन-तीन वर्षांनी एखादी दुरुस्ती गुपचूप येते, दंडाची रक्कम घटते, निरीक्षक कमी होतात, आणि विचारणारं कुणी नसतं. करारातून बाहेर पडण्याचा खरा परिणाम असा हळूहळू उतरतो.

बोटीवरचा माणूस हे सगळं एका कागदावर पाहू शकतो. मेसच्या बाहेरच्या फलकावर, ड्युटीच्या तक्त्याशेजारी, काचेआड दोन कागद लावलेले असतात: समुद्री कामगार प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेलं अनुपालनाचं घोषणापत्र. हे घोषणापत्र बोटीचं, वर सांगितलेलं प्रदेशाचं नव्हे, आणि ते दोन भागांत असतं. पहिला भाग ध्वज असलेल्या, म्हणजे बोटीची नोंद जिथे आहे त्या, प्रशासनाने दिलेला. त्यात १६ विषयांची रांग असते: किमान वय, वैद्यकीय तपासणी, कामाचे तास, पगार, घरी परतणं वगैरे. प्रत्येक विषयासमोर त्या प्रशासनाचा कुठला कायदा आणि कुठलं कलम लागू, ते लिहिलेलं असतं. या पहिल्या भागाचा मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवून ठेवा. पुढे ध्वजाच्या देशात काही बदललं तर तुलनेला आधार हाच. हे प्रमाणपत्र ५०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या बोटींना सक्तीचं आहे. लहान बोटीवर ते नसेल तरी करार लागू असतो.

काँट्रॅक्टमध्ये तीन ओळी शोधा. कुठल्या देशाचा कायदा लागू, कुठला सामूहिक करार लागू, आणि एमएलसीचा उल्लेख आहे का. सामूहिक करार युनियन आणि कंपनी यांच्यातला असतो. कुठलं सरकार कशातून बाहेर पडतं यावर तो अवलंबून नाही, त्याची मुदत संपेपर्यंत तो टिकतो. म्हणून त्याची प्रत मागून घ्या. एजंट ‘नंतर देतो’ म्हणाला तर बोटीवर चढण्याआधीच मागा. एमएलसीप्रमाणे सही करण्याआधी कागद वाचायला आणि सल्ला घ्यायला वेळ मिळणं हा तुमचा हक्क आहे.

एक काल्पनिक प्रसंग शेवटपर्यंत नेऊ या

एमएलसी २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आला. बाहेर पडण्याची पहिली मुदत २० ऑगस्ट २०२३ ते २० ऑगस्ट २०२४ होती. पुढची २० ऑगस्ट २०३३ पासून. समजा, ब्रिटनने १ ऑक्टोबर २०३३ रोजी बाहेर पडण्याची नोंद केली. डिचोलीचा एक मुलगा तेव्हा हॅमिल्टनच्या बोटीवर आहे.

१ ऑक्टोबर २०३४ पर्यंत त्याच्यासाठी काहीही बदलत नाही. २४ तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत किमान ७७ तास, किंवा ध्वजाच्या देशाने तो पर्याय निवडला असेल तर २४ तासांत जास्तीत जास्त १४ आणि सात दिवसांत ७२ तास काम. या वर्षात त्याने ब्रिटनचं पत्र आणि बर्म्युडाचं पान पाहायचं. बर्म्युडाचं घोषणापत्र कायम असेल तर मुद्दाच मिटला. तेही संपवलं असेल तर बर्म्युडाचा स्थानिक कायदा अजून आहे का, ते पाहायचं.

आणि समजा तोही गेला. तरी बोटीची सुटका नाही. एमएलसीच्या पाचव्या कलमात सांगितलंय की ज्या देशाने करार मंजूर केलेला नाही त्याच्या बोटीला मंजूर केलेल्या देशाच्या बंदरात जास्त सवलत मिळता कामा नये. ती बोट बार्सिलोनाला लागली, मुरगावला लागली, तरी तिथले निरीक्षक तीच मापं लावू शकतात. उलट, करारातल्या देशाचं प्रमाणपत्र हातात नसल्यामुळे अशा बोटीची तपासणी अधिक खोलात जाऊन होऊ शकते. भारताने हा करार ९ ऑक्टोबर २०१५ रोजी मंजूर केला आहे, त्यामुळे मुरगाव बंदरातली तक्रार हा पोकळ पर्याय नाही. शिवाय भारतातून भरती करणाऱ्या परवानाधारक एजन्सीवर भारताचे नियम लागूच राहतात. ध्वज कुणाचाही असो, तिच्याविरुद्धची तक्रार नौवहन महासंचालनालयाकडे (डीजी शिपिंग) करता येते.

ही सोय समुद्रावर आहे, जमिनीवर नाही. जिब्राल्टरच्या हॉटेलात काम करणाऱ्याला बंदर निरीक्षकाचा आधार नाही. त्याच्यासाठी घोषणापत्र आणि स्थानिक कायदा हेच दोन खांब. मात्र संघटना स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर त्याची युनियन आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ‘संघटना स्वातंत्र्य समिती’कडे जाऊ शकते. १९५१ सालापासून चालू असलेली ही समिती, करार मंजूर नसलेल्या सदस्य देशांविरुद्धच्या तक्रारीही ऐकते.

युनियनने काय करावं

एकट्या कामगाराला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे थेट तक्रार नेता येत नाही, युनियनला येते. पहिला प्रश्न विचारायचा तो सल्लामसलतीचा. १९७६ च्या १४४ क्रमांकाच्या कराराप्रमाणे, मंजूर करारातून बाहेर पडण्याच्या प्रस्तावावर सरकारने मालक आणि कामगार या दोघांच्या प्रतिनिधींशी आधी चर्चा करायला हवी. ब्रिटन आणि भारत दोघांनीही तो मंजूर केला आहे. चर्चा झाली का, कधी झाली, त्या प्रदेशातल्या कामगार संघटनांना बोलावलं का, हे लेखी विचारा. प्रदेशाच्या सरकारची सहमती घेतली का, तेही विचारा.

दुसरं, सरकारच्या अहवालावर युनियन स्वतःचं म्हणणं संघटनेला थेट पाठवू शकते. ते १ सप्टेंबरपर्यंत पोहोचलं तर वर्षाअखेरच्या तज्ज्ञ समितीपुढे जाऊ शकतं. त्यात तक्रारीचा सूर कमी आणि कागद जास्त असावेत: प्रदेशाचं नाव, कराराचा क्रमांक, घोषणापत्राची तारीख, बाहेर पडल्याच्या नोंदीची तारीख, बदललेलं स्थानिक कलम आधीच्या मजकुरासह, आणि प्रत्यक्ष घडलेल्या घटनांच्या तारखा. मेसच्या बाहेरच्या फलकाचा तो फोटोही जोडा.